नागपुरातली 'लाइन': एका शब्दात किती अर्थ मावतात?

इतवारीची_लेक · शनिवार, रात्री 8:40

मी शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या मुलांना 'लाइन' हा शब्द कोशात बघायला सांगितला की मुलं दमतात, पण अर्थ संपत नाहीत. रेघ, रांग, दोरी, तार, रूळ, कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, धंदा, घराण्याची परंपरा, चेहऱ्यावरची सुरकुती.

पण मला त्या यादीपेक्षा आपल्या गावातली 'लाइन' जास्त महत्त्वाची वाटते. 'लाइन गेली', 'तो कोणत्या लाइनीत आहे?', 'लाइनिंगचा शर्ट', 'पोरगं लाइनीवर आलं'. यातलं काही इंग्रजीतून जसंच्या तसं आलंय आणि काही आपण इथे घडवलंय. माझा प्रश्न एवढाच: कोणते अर्थ आणलेले आणि कोणते आपले? नुसती यादी नको. तुमच्या कामात, तुमच्या घरात हा शब्द नेमका कशासाठी निघतो ते सांगा. मला ते वर्गात वापरायचं आहे.

तर्रीपोहा · शनिवार, रात्री 8:52

ताई, पहिला नंबर माझा. सकाळी पोह्याच्या ठेल्यासमोर उभी राहते ती लाइन. आमच्यासाठी बाकी सगळ्या लाइनी तिच्यानंतर.

डीपीवाला · शनिवार, रात्री 9:15

नमस्कार ताई. मी लाइनमन आहे, म्हणून या धाग्यावर लिहिणं भागच आहे.

'लाइन गेली' हे आम्ही दिवसभर ऐकतो. पुण्या-मुंबईकडं म्हणतात लाईट गेली. दिवा जाते का कुठं? तो भिंतीवर जिथल्या तिथं राहते. जाते ती लाइन. म्हणून आपलं बोलणं जास्त बरोबर आहे असं माझं पक्कं मत.

आता थोडं समजून घ्या. उपकेंद्रातून 11 केव्हीची एचटी, म्हणजे जास्त दाबाची लाइन निघते, ती डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर येते. तिथून एलटीच्या, म्हणजे कमी दाबाच्या तारा तुमच्या गल्लीत जातात, तीन फेज आणि एक न्यूट्रल, आणि घरात येते 230 व्होल्ट. गिऱ्हाईक फोनवर एवढंच म्हणते, 'भाऊ, लाइन गेली.' आम्ही विचारतो, शेजारची आहे का? असली, तर तुमचा फ्यूज नाहीतर सर्व्हिस वायर. काही घरं सुरू, काही बंद असली तर एक फेज गेला. पूर्ण गल्ली गेली तर डीपीवरचा डीओ, म्हणजे तिथला फ्यूज, उडाला. पूर्ण वस्ती गेली तर फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइनच. वाक्य एकच, पण प्रत्येक वेळी चढायचा खांब वेगळा.

अजून एक शब्द आमच्या जिवाशी जोडलेला आहे, 'लाइन क्लिअर'. वर चढायच्या आधी परमिट घेतो. लाइन बंद केली हे उपकेंद्रातल्या माणसानं लिहून द्यायचं, मग तारेवर टेस्टर लावायचा, मग अर्थिंगचा रॉड टाकायचा, आणि मगच हात. कारण गेलेली लाइन मेलेली असतेच असं नाही. कोणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडला असला तर बंद लाइनीत उलटा करंट येते. लाइन गेली की लोक चिडतात, ते समजते. पण त्या वेळी कोणीतरी त्याच तारेजवळ उभा आहे हे ध्यानात असू द्या.

मुठेकाठचा · शनिवार, रात्री 9:31

मूळ पुण्याचा, नोकरीमुळे मनीषनगरात. आमच्याकडे 'लाईट गेले' म्हणतात, अनेकवचनात. इथे आल्यावर घरमालक काकू दारातून म्हणाल्या, 'लाइन जाऊन राहिली सकाळपासून, तुमची पण का?' मला वाटलं गॅसची किंवा पाण्याची पाइपलाइन. मी नळ उघडून बघितला आणि सांगितलं, 'नाही हो काकू, व्यवस्थित येतंय.'

डीपीवाले भाऊ, तुमचा शेवटचा परिच्छेद मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आहे.

रात्रपाळी · शनिवार, रात्री 10:05

मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात लाइन म्हणजे शिरेत घातलेली नळी. 'लाइन लावली का?', 'लाइन चालू आहे का?', 'लाइन फ्लश कर.' मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत घालतात ती सेंट्रल लाइन. आणि शिरेतून सुई सरकून औषध आजूबाजूला उतरायला लागलं, हात सुजला, की आम्हीही म्हणतो 'लाइन गेली'.

नातेवाईक रात्री धावत येतात, 'सिस्टर, लाइन गेली!' पंखा बंद झाला की सलाईन सुटलं, हे विचारत बसायला वेळ नसतो. म्हणून मी नवीन मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते, वॉर्डात आपण 'हाताची लाइन' म्हणायचं. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असेल तर दोन्ही बातम्यांना धावायचंच असतं, पण हातात काय घेऊन धावायचं ते वेगळं.

'सलाईन'मध्ये मात्र लाइन नाही बरं का. ते मिठाच्या लॅटिन नावावरून आलंय, मिठाचं पाणी म्हणून सलाईन. पेशंट म्हणतात 'सलाइनची लाइन', ते कानाला गोड लागतं एवढंच.

अनुस्वार · शनिवार, रात्री 10:40

सगळं वाचलं. माझं मत जरा कडू आहे.

मराठीत माणसं उभी राहतात ती रांग. जेवायला बसतात ती पंगत. वहीत असते ती ओळ. पेन्सिलीने मारतो ती रेघ. भूमितीत असते ती रेषा. पेरलेलं ज्या ओळीत उगवतं ते तास. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना आपल्याकडे वेगवेगळी नावं आहेत आणि आपण त्या सगळ्यांवर एकच शिक्का मारून मोकळे झालो. इंग्रज एका शब्दावर भागवतात, म्हणून आपणही भागवायचं का?

दुकानात जाऊन दुरेघी वही मागा. मुलगा तोंडाकडे बघतो. 'डबल लाइन द्या' म्हटलं की लगेच काढतो. चौरेघी तर गेलीच, आता 'फोर लाइन'. या दुकानदाराला दोष नाही. शाळेतून यादीच तशी येते. इतवारीची_लेक, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे मुद्दाम तुम्हाला लिहितोय.

तर्रीपोहा · शनिवार, रात्री 10:48

अनुस्वार सर, मी रांगेत उभा राहीन, पण पोहेवाला 'लाइनीत या भाऊ' म्हणल्यावर काय करू?

पऱ्हाटी · रविवार, सकाळी 6:20

उमरेडकडचा शेतकरी. अनुस्वार सरांनी तास म्हणलं, बरं वाटलं. आमच्या इथं अजूनही पऱ्हाटीचं तास, तुरीचं तास असंच म्हणतात. डवरा तासातून चालते, लाइनीतून नाही. बाई निंदायला आली की विचारते, कोन्तं तास धरू? शेतात लाइन म्हणजे फक्त मोटारपंपाची, आणि ती रात्री येते.

आमची आजी ओळ म्हणत नव्हती, 'ओय' म्हणे. डोळा तो डोया, काळा तो काया, तशी ओळ ती ओय. 'ओयीनं बसा रे' म्हणलं की सगळी नातवंडं भिंतीला टेकून बसत. म्हणजे सर, शब्द मेले नाहीत. जिथं काम आहे तिथं शब्द आहे. तासाचं काम शेतात आहे तर शब्द शेतात आहे. दुरेघी वहीचं काम शाळेत आहे, तिथं तुमचं म्हणणं मला पटते.

छोटी_गाडी · रविवार, सकाळी 8:10

रेल्वेत आयुष्य गेलं, आता निवृत्त. डीपीवाल्यांनी 'लाइन क्लिअर' लिहिलं आणि मला राहवेना, कारण तो शब्द रेल्वेतला.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी जुन्या पद्धतीत पुढच्या स्टेशनला विचारायचं, 'लाइन क्लिअर आहे का?' त्याने हो म्हटलं की यंत्रातून एक गोळा बाहेर येतो, टोकन. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेनं एकमेकांना अशी बांधलेली असतात की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नाही. तो गोळा चालकाच्या हातात असेल तरच तो पुढच्या टप्प्यात शिरणार. म्हणजे 'लाइन क्लिअर' ही एक वस्तू होती, हातात धरता येणारी. लोक आता 'बाबा घरी नाहीत, लाइन क्लिअर आहे' म्हणतात तेव्हा मला तो गोळा आठवतो.

नागपूर तर लाइनींचंच गाव. 1867 मध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे पोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली. आज हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, रुळांवर रूळ आडवे जातात, त्याला डायमंड क्रॉसिंग म्हणतात.

आणि आपली 'छोटी लाइन'! इतवारीहून छिंदवाडा आणि इतवारीहून नागभीड. रुळांमधलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं साडेपाच फूट, 1676 मिलिमीटर. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. उमरेड, भिवापूरची माणसं आजही 'छोट्या लाइनीनं जायचो' असंच सांगतात. गाडी, मार्ग, प्रवास, तिन्ही त्या एका शब्दात आहेत. कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, मुलांना जरूर न्या.

पऱ्हाटी · रविवार, सकाळी 8:22

काका, त्या गाडीनं आम्ही भाजी आणत होतो इतवारीले. बायका टोपल्या घेऊन उभ्या, आणि गाडी सुटता सुटता ओळखीचा गार्ड हात दाखवून थांबवे. तिले लाइन म्हणा का काही म्हणा, ती आमची होती.

लाइनबॉय_टाकळी · रविवार, सकाळी 9:45

माझ्या नावातच आहे. वडील पोलीस खात्यात होते, लहानपण पोलीस लाइन टाकळीत. पोलिसांच्या घरांच्या वसाहतीला लाइन म्हणतात आणि तिथल्या पोरांना लाइनबॉय. ही पदवी राज्यभर चालते. कुठल्याही जिल्ह्यात गेलो आणि समोरचा पोलिसाचा पोरगा निघाला, तर पहिला प्रश्न 'कोणती लाइन?' मग चहा झाल्याशिवाय सुटका नाही.

लाइनीत वाढण्याचा अर्थ बाहेरच्यांना सांगून कळत नाही. गणपतीत, दिवाळीत, मतदानाच्या दिवशी, हिवाळी अधिवेशनात पूर्ण लाइन बापांवाचून असायची. सगळ्यांच्या आया मिळून सगळ्यांची पोरं सांभाळायच्या. शेजारच्या काकूंनी मला गालात मारली तर आई विचारायची नाही का मारली. विचारायची, 'जेवला का त्यांच्याकडं?' त्यामुळे माझ्यासाठी या शब्दाचा पहिला अर्थ घर आहे.

हिंदी पेपरात 'लाइन हाजिर' असं छापून येतं, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत बसवलं. आपल्याकडे त्याला 'कंट्रोल जमा' म्हणतात. पोरांच्या भांडणात आम्ही 'तुझ्या बापाले कंट्रोल जमा करीन' अशी धमकी देत असू.

कामठीकर · रविवार, सकाळी 10:30

लाइनबॉय भाऊ, तुमची लाइन आणि आमची लाइन सख्ख्या बहिणी. कामठीची छावणी 1821 ची. छावणीत शिपायांच्या राहुट्या, मग झोपड्या, मग बराकी सरळ ओळीत बांधत. त्या ओळी म्हणजे 'लाइन्स'. पायदळाच्या लाइन्स वेगळ्या, घोडदळाच्या वेगळ्या. लष्कराच्या बाहेर जिथं मुलकी साहेब राहत, तो भाग झाला सिव्हिल लाइन्स. घरं ओळीत असोत नसोत, नाव चिकटलं. नागपूर 1861 मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं आणि साहेबांचे बंगले वाढत गेले. दिल्ली, कानपूर, अलाहाबाद, जबलपूर, जिथं जिथं तो कारभार होता तिथं तिथं सिव्हिल लाइन्स सापडतं. आज विधानभवन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, रविभवन सगळं तिथंच.

आता विचार करा, पोलीस लाइनीत खोल्या भिंतीला भिंत लावून आणि सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्याभोवती एकराची बाग. शब्द तोच. फरक त्या शेवटच्या 'स'चा.

मुठेकाठचा · रविवार, सकाळी 10:41

आणि आमच्याकडे छावणीच्या भागाला 'कॅम्प'. कामठीकर, ही माहिती मी कधी वाचली नव्हती. आभार.

ओळंबा · रविवार, दुपारी 12:15

बांधकामातला माणूस. आमच्यात लाइन म्हणजे आधी दोरी. मिस्त्री दोन टोकांना खिळे ठोकून लाइनदोरी ताणतो, तिच्या धाकानं विटा बसतात. उभं सरळ आहे का ते ओळंब्यानं बघायचं, काटकोन गुण्यानं. 'लाइन सुटली' म्हणजे भिंत वाकडी चालली. 'लाइन-लेव्हल मिळवा' हे तर साइटवर दर तासाला.

पण या गावाच्या आसपास लाइन या शब्दाचा एक फार मोठा माणूस झोपला आहे. विल्यम लॅम्बटन. 1802 मध्ये मद्रासजवळ त्याने साखळ्या टाकून सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली, बेसलाइन. त्या एका रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकायचं. साधारण 78 अंश रेखांशावरची ही मोजणी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. नागपूरला यायला निघालेला लॅम्बटन वाटेत हिंगणघाटला वारला, 1823 च्या जानेवारीत. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवलं. आपलं झिरो माइल, 1907 चा तो दगडी खांब, त्याच सर्व्हेच्या कामातला.

एक रेघ नीट मोजली नसती तर पुढचे सगळे त्रिकोण चुकले असते. मी साइटवरच्या नवीन इंजिनिअरांना हिंगणघाट दाखवून आणतो.

इतवारीची_लेक · रविवार, दुपारी 1:00

ओळंबा दादा, हिंगणघाटचं वाचून मी दोनदा नकाशा उघडला. वर्ध्याची माझी मावशी त्या गावावरून किती वेळा गेली असेल आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही.

'लाइन म्हणजे आधी दोरी' हे वाक्य लक्षात ठेवा सगळ्यांनी, त्यावर नंतर येते.

घडी_मोड · रविवार, दुपारी 2:20

आमचं इतवारीत कापडाचं दुकान. ताईंनी वर लाइनिंगचा शर्ट लिहिलाय म्हणून सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, 'लाइनिंगमधे दाखवा', म्हणजे रेघारेघांचं कापड. बारीक लाइनिंग, मोठं लाइनिंग, उभं लाइनिंग. शेजारचा टेलर विचारतो, 'ब्लाउजला लाइनिंग टाकू?' म्हणजे अस्तर. एकाच दुपारी एक बाई आमच्याकडून लाइनिंगचं कापड घेते आणि त्याला लाइनिंग लावायला टेलरकडे जाते.

माझा भाचा बाहेरदेशी शिकतो. तिथं दुकानात त्यानं लाइनिंगचा शर्ट मागितला, तर त्यांनी आतून अस्तर लावलेलं जाकीट दाखवलं. रेघांचा शर्ट हवा होता बिचाऱ्याला. म्हणजे ताई, रेघांचं लाइनिंग हे आपलं, अस्तराचं त्यांचं.

इतवारीची_लेक · रविवार, दुपारी 3:05

घडी_मोड काका, तुम्ही मला हवं तिथे आणून सोडलं.

अस्तराचा आणि रेघेचा तसा थेट संबंध नाही. संबंध आहे तो कापडाशी. लॅटिनमध्ये 'लीनुम' नावाचं एक झाड. त्याच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन. कपड्याला आतून लिननचं कापड लावत, म्हणून लाइनिंग. आणि त्याच झाडाच्या धाग्याची ताणलेली दोरी ती 'लीनेआ', तिच्यावरून लाइन. म्हणजे ओळंबा दादांचा मिस्त्री दोन खिळ्यांमध्ये जे ताणतो तोच या शब्दाचा जुना अर्थ. रेघ, रांग, रूळ, तार हे सगळे त्या दोरीचे नंतरचे अवतार. दोरी ताणली की सरळ होते, म्हणून जे जे सरळ ते ते लाइन. दोरी दोन टोकं जोडते, म्हणून टेलिफोनची, विजेची, रेल्वेची, आणि सिस्टरांची शिरेतली.

त्या झाडाचं शास्त्रीय नाव लीनुम उसितातिस्सिमुम. आपण त्याला जवस म्हणतो.

पऱ्हाटी · रविवार, दुपारी 3:12

जवस?? बाप्पा! आमच्या धुऱ्याले उभी राहते ती?

ताई, हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं. हिवाळ्यात निळी फुलं येतात, सकाळी उघडतात, दुपारपर्यंत गळतात. घरी जवसाची चटणी झाल्याशिवाय भाकर जात नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचं संशोधन केंद्र आहे, एनएल-97 सारखे वाण तिथलेच. आपलं जवस मात्र बियांचं, बुटकं आणि फांद्यांचं. कापडाचा धागा काढायचं जवस उंच, सरळ वाढते, ते वेगळं.

म्हणजे सगळ्या जगाच्या लाइनी ज्याच्यावरून निघाल्या ते झाड आम्ही पेरतो, आणि भाव विचारायला गेलो की कोणी विचारत नाही. पेरा कमी कमी होत चालला आहे. हे पण लिहा कुठंतरी.

जामठा_एंड · रविवार, दुपारी 4:00

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या जवसाच्या तेलानेच आम्ही बॅट मुरवतो. कच्चं तेल, हलक्या हातानं, मग आडवी ठेवायची.

क्रिकेटची लाइन कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मराठी समालोचनात सुंदर शब्द आहेत, 'टप्पा आणि दिशा'. लेंग्थ म्हणजे टप्पा, लाइन म्हणजे दिशा. लाइनीची ताकद बघायची असेल तर जामठ्याच्या मैदानावरचा पहिला कसोटी सामना आठवा, नोव्हेंबर 2008, ऑस्ट्रेलिया. धोनीने ऑफला आठ आणि लेगला एक असं क्षेत्ररक्षण लावलं आणि झहीर-इशांतने ऑफ यष्टीच्या बाहेरची लाइन सोडलीच नाही. ऑस्ट्रेलियाच्या धावा आटल्या. टीका खूप झाली, हे काय क्रिकेट म्हणून. मला विचाराल तर नुसत्या लाइनीवर समोरच्याला थोपवणं हे खूप अवघड काम आहे. 172 धावांनी जिंकलो. तोच गांगुलीचा शेवटचा कसोटी सामना.

दुसरी_आवृत्ती · रविवार, सायंकाळी 5:30

वर्तमानपत्रात होतो. आमच्याकडे हेडलाइन, डेटलाइन (बातमीचं गाव आणि तारीख), बायलाइन (लिहिणाऱ्याचं नाव), आणि तालुक्याचा वार्ताहर 'लाइनेज'वर, म्हणजे छापून आलेल्या ओळींच्या हिशेबानं पैसे. तो माणूस एकही विशेषण कापू देत नसे, आणि का देईल?

डेडलाइनचा इतिहास मात्र अंगावर येणारा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ आखली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन. आज कारकूनसुद्धा 'डेडलाइन आहे' म्हणतो. मी तरुण पोरांना सांगत असे, मुदत म्हणा. मुदत वाढवून मिळते.

मनातलं_मंगळवारी · रविवार, सायंकाळी 6:10

सगळे थोर लोक मुख्य अर्थ सोडून चाललेत. लाइन मारणे! इंग्रजीत म्हणे पटवायला टाकलेल्या वाक्याला लाइन म्हणतात. आपल्याकडे वाक्य लागतच नाही. कॉलेजच्या कट्ट्यावरून नजर पुरते. आणि 'ती लाइन देऊन राहिली बे' ही तर मित्रांनी पसरवलेली अफवा असते.

रात्रपाळी · रविवार, सायंकाळी 6:25

त्यातल्या निम्म्या मुलींना फक्त बस कधी येते ते बघायचं असतं. बसची लाइन, तुमची नाही. आमच्या मुलींना रात्रपाळीला येताना या नजरांचा त्रास होतो, म्हणून हा अर्थ मला हसण्यावारी नेता येत नाही.

मनातलं_मंगळवारी · रविवार, सायंकाळी 6:33

सिस्टर, तुमचं बरोबर आहे. तुमचं हे वाक्य आमच्या कट्ट्यावर जाईल.

अनुस्वार · रविवार, रात्री 8:00

दोरीवरून लाइन, हे वाचल्यावर दिवसभर तेच डोक्यात आहे. आपल्याकडे हाच प्रवास स्वतंत्रपणे झालेला आहे. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा. त्याचं मराठीत सूत. सुतार हा मूळचा सूत्रधार, दोरी धरून लाकूड आखणारा. त्याचं मापही सूत, इंचाचा आठवा भाग. आणि वाकड्या माणसाला आपण काय करतो? सुतासारखा सरळ. इतवारीची_लेक, 'पोरगं लाइनीवर आलं' हे तुम्ही लिहिलंत त्याला हे आपलं जुनं भावंड.

ओळीची कथा अजून चांगली. ओळ ही 'आवली'ची लेक. दिव्यांची आवली ती दिवाळी, रंगांची आवली ती रांगोळी. पऱ्हाटींच्या आजीची 'ओय' त्याच घरातली. इतक्या घरंदाज शब्दाला वहीतून हाकलू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. विजेच्या, रेल्वेच्या, शिरेतल्या लाइनीशी माझं भांडण नाही. त्या वस्तू लाइन हे नाव घेऊनच आल्या.

छोटी_गाडी · रविवार, रात्री 8:20

'लूप लाइन' राहिली. मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन गाडी उभी करायची जागा, म्हणजे मागची जलद गाडी पुढे जाऊ शकते. आता सगळ्या सरकारी कचेऱ्यांत म्हणतात, 'साहेबांना लूप लाइनला टाकलं.' त्यांना सांगा, लूप लाइन पुन्हा मुख्य लाइनीला मिळते. मिळत नाही तिला साइडिंग म्हणतात.

इतवारीची_लेक · रविवार, रात्री 9:10

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. दोन दिवसांत माझं मत बनलंय ते लिहिते, ज्यांना पटणार नाही त्यांनी खोडावं.

रूळ, तार, रांग, धंदा, गोलंदाजाची दिशा, छावणीतल्या बराकी, शिरेतली नळी, हे सगळं आणलेलं. 'कोणत्या लाइनीत आहेस' हेसुद्धा इंग्रजीत आहे, 'लाइन ऑफ वर्क'. आपलं काय? रेघांच्या कापडाला लाइनिंग, हे नक्की आपलं. लाइनबॉय आपला; लाइन म्हणजे एक अख्खी माणसांची वस्ती, जिची माणसाला आठवण येते, हे त्याच्या पोस्टमधून कळतं. नजरेनं मारायची लाइन आपली. आणि 'लाइन गेली' आपली, विदर्भाची. तिथे आपण तारेचं नाव तारेतून वाहणाऱ्याला दिलं. पऱ्हाटी दादा म्हणाले 'लाइन रात्री येते', त्यात तार कुठेच नाही. तार तर दिवसाही तिथेच असते. येते ती वीज. डीपीवाले दादा म्हणाले जाते ती लाइन, दिवा जात नाही. मला वाटतं लाइनही जात नाही, आणि म्हणूनच हा अर्थ खास आहे.

शिवाय आपण तिला व्याकरणही दिलं. ती लाइन, त्या लाइनी, लाइनीत, लाइनीनं, लाइनीवर. अकारान्त बाईसारखी चालते ती.

अनुस्वार सर, वह्यांची यादी शाळेत मीच टाइप करते. पुढच्या जूनला तिच्यात 'दुरेघी' आणि 'चौरेघी' असेल. कंसात काही लिहिणार नाही. दुकानदारांना शिकू दे.

डीपीवाला · रविवार, रात्री 9:35

ताई, तुमचं 'लाइनही जात नाही' मला अर्धं पटलं. वादळात झाड पडलं की खरंच जाते, खांबासकट. पण रोजच्या बोलण्यापुरतं तुमचं खरं.

धोटे_बंधूंचा_मित्र · रविवार, रात्री 10:20

उशिरा आलो. एम्प्रेस मिलची लाइन कोणीच लिहिली नाही? 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी सुरू केली, नागपूरची ती पहिली मोठी गिरणी. आजोबा तिथं होते. मागांची एक रांग ज्याच्या ताब्यात, तो लाइन जॉबर. बदली कामगाराला काम द्यायचं की घरी पाठवायचं, हे त्याच्या हातात. 'लाइनवर घेतलं' म्हणजे आज चूल पेटणार. अनुस्वार सर, सुताचं म्हणालात ना, तिथं दिवसभर सूतच होतं, आणि माणसं लाइनीची झाली होती.

इतवारीची_लेक · रविवार, रात्री 10:34

हे मला माहीत नव्हतं. तुमच्या घरी त्या काळचे अजून शब्द असतील तर वेगळा धागा काढा, कृपा करून. ते शब्द बोलणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

मुलांना मी या आठवड्यात घरच्या कमावत्या माणसाला विचारून यायला सांगणार आहे: तुमच्या कामात लाइन म्हणजे काय?

डीपीवाला · रविवार, रात्री 10:50

ताई, वर्ग घेऊन उपकेंद्र बघायला यायचं असलं तर साहेबांच्या नावानं शाळेचं पत्र आणा, परवानगीचं मी बघतो. सकाळी दहानंतर या. बुधवार सोडून, त्या दिवशी मेंटेनन्ससाठी लाइन बंद असते. पोरांच्या पायात चप्पल नको, बूट पाहिजेत, आणि हातात लोखंडी पट्टी-कंपास काही नको.